अ‍ॅक्सेसरला नाव काय द्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, पणजी, मडगावकडचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि नुकतेच नोकरीला लागलेले डेव्हलपर गेटर-सेटरच्या नावांबद्दल तेच तेच प्रश्न पाठवत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, रायबंदर–चोडण मार्गावरची फेरीबोट. क्लासचं नाव `फेरी`. तिची `क्षमता` म्हणजे किती गाड्या मावतात, `धक्का` म्हणजे आत्ता ती कुठल्या काठाला लागली आहे आणि `फेऱ्या` म्हणजे आज किती झाल्या. कोडमधली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात तुम्ही ती रोमन लिपीत लिहाल. खरोखरच देवनागरीत लिहायची असतील तर थेट प्रश्न १५ वर जा.

१. अ‍ॅक्सेसर म्हणजे काय? गेटर-सेटर आणि अ‍ॅक्सेसर एकच का?

ऑब्जेक्टच्या आतली माहिती (म्हणजे फील्ड) बाहेरून वाचायला किंवा बदलायला ठेवलेलं फंक्शन म्हणजे अ‍ॅक्सेसर. वाचतो तो गेटर, बदलतो तो सेटर. स्कीम भाषेतले लोक मात्र फक्त वाचणाऱ्यालाच अ‍ॅक्सेसर म्हणतात आणि बदलणाऱ्याला म्युटेटर किंवा मॉडिफायर. या पानावर दोघांनाही अ‍ॅक्सेसरच म्हटलंय.

२. फील्ड सरळ पब्लिक ठेवलं तर काय बिघडतं?

जावात किंवा सी प्लस प्लसमध्ये आज `फेरी.क्षमता` हे फील्ड उघडं ठेवलं आणि उद्या क्षमता बोटीच्या मॉडेलवरून मोजून काढायची ठरली, तर फील्डचं फंक्शन करावं लागतं. मग जिथे जिथे ते वापरलंय तिथे कंस घालत फिरायचं. तुमची लायब्ररी दुसऱ्या कोणी घेतली असेल तर त्यांचाही कोड मोडतो. म्हणून जावावाल्यांना पहिल्या दिवसापासून गेटर लिहायची सवय लागली. त्यातले बहुतेक गेटर फील्ड परत देण्यापलीकडे काही करत नाहीत.

यात दोष फील्डचा नाही, भाषेचा आहे. बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल भाषा रचताना 'युनिफॉर्म अ‍ॅक्सेस' हे तत्त्व मांडलं: व्हॅल्यू साठवलेली आहे की मोजून काढलेली, हे वापरणाऱ्याला लिहिण्यातून कळता कामा नये. आयफेलमध्ये `फेरी.क्षमता` हे फील्ड आहे की फंक्शन, बाहेरून सांगताच येत नाही. पायथन, सी शार्प, रुबी, कॉटलिन, स्विफ्ट यांनी आपापल्या परीने हीच सोय दिली. जावाने दिली नाही.

ही सोय आहे की नाही, यावर खालची जवळजवळ सगळी उत्तरं अवलंबून आहेत. नाव ठरवण्याआधी आपल्या भाषेने काय दिलेलं नाही ते बघावं. 'गेट' हा उपसर्ग बहुतेक ठिकाणी त्या उणिवेची भरपाई म्हणून आलेला आहे.

३. मग 'गेट' एवढा सगळीकडे पसरला कसा?

जावाबीन्समुळे. १९९६-९७ च्या या स्पेसिफिकेशनचा हेतू असा होता की बटण, तक्ता असे तयार घटक एखाद्या टूलमध्ये ओढून आणायचे आणि त्यांचे गुणधर्म तिथेच भरायचे. टूलला क्लासचे गुणधर्म कळणार कसे? अ‍ॅनोटेशन (कोडला जोडायच्या खुणा) जावात २००४ साली, पाचव्या आवृत्तीत आली. तोवर हाताशी होतं ते फक्त मेथडचं नाव. `गेटक्षमता` आणि `सेटक्षमता` अशी जोडी दिसली की टूल समजायचं, 'क्षमता' नावाची प्रॉपर्टी आहे.

म्हणजे तो उपसर्ग माणसाच्या सोयीपेक्षा यंत्राच्या सोयीसाठी होता. पुढे स्प्रिंग, हायबरनेट वगैरे फ्रेमवर्कनी याच नावांवर विसंबून काम केलं, आणि कॉलेजात तो 'एन्कॅप्सुलेशन'चा (आतली माहिती झाकून ठेवण्याचा) नियम म्हणून शिकवला जाऊ लागला. एन्कॅप्सुलेशनचा आणि त्या तीन रोमन अक्षरांचा काडीचाही संबंध नाही.

४. कॉलेजात जावा शिकलो. आता कामावर दुसरी भाषा आहे. तिथेही गेट लावू का?

बहुतेक ठिकाणी नको.

पायथनमध्ये साधं फील्ड उघडंच ठेवायचं. पेप ८ (पायथनची अधिकृत शैली-मार्गदर्शिका) हेच सांगतं. पुढे कधी हिशेब लागला तर `प्रॉपर्टी` लावायची, म्हणजे लिहायला फील्ड पण आतून फंक्शन. ती भाषेत २.२ पासून आहे, आणि सेटरसाठीची सुटसुटीत डेकोरेटर पद्धत २.६ पासून. सी शार्पमध्ये प्रॉपर्टीला नाम द्यायचं, मोठ्या अक्षराने सुरू करून. रुबीत `अ‍ॅट्र_अ‍ॅक्सेसर` लिहिलं की दोन्ही मेथड आपोआप मिळतात, आणि `गेट_` लावलंत तर रुबोकॉप (शैली तपासणारं टूल) कान उपटतो. डार्टची अधिकृत शैलीही मेथडचं नाव 'गेट'ने सुरू करू नका म्हणते. जावास्क्रिप्टमध्ये २००९ च्या ईएस५ पासून `गेट` हा शब्द नावाच्या आत न येता आधी सुटा येतो. पीएचपीत वर्षानुवर्षं जावाची नक्कल चालली; २०२४ च्या ८.४ आवृत्तीत प्रॉपर्टी हुक आले, त्यामुळे नव्या कोडमध्ये तिथेही गरज उरलेली नाही.

गो आणि रस्टची गोष्ट वेगळी आहे: प्रश्न ५ आणि ६.

५. गोमध्ये 'गेट' नको म्हणतात, मग प्रोटोबफने तयार केलेला गो कोड गेटने भरलेला का?

गोची अधिकृत शिकवण अशी: फील्ड छोट्या अक्षराने `क्षमता`, तर गेटर त्याच नावाने पण मोठ्या अक्षराने, सेटर लागलाच तर `सेटक्षमता`. छोटं अक्षर म्हणजे पॅकेजपुरतं खाजगी, मोठं म्हणजे बाहेरून दिसणारं, त्यामुळे दोन नावं आपोआप वेगळी पडतात.

प्रोटोबफ म्हणजे डेटाच्या वर्णनावरून कोड तयार करून देणारं गूगलचं टूल. त्याच्या नेहमीच्या गो कोडमध्ये मात्र फील्ड स्वतःच मोठ्या अक्षराने उघडं असतं. गोमध्ये एकाच स्ट्रक्टवर फील्ड आणि मेथड एकाच नावाचे चालत नाहीत. मोठ्या अक्षराचं नाव फील्डने आधीच घेतलेलं, म्हणून गेटरला `गेट` लावल्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय तो गेटर खरं काम करतो: ऑब्जेक्ट निल असला तरी कोसळत नाही, डीफॉल्ट व्हॅल्यू परत देतो. ज्या उपसर्गामागे असं कारण आहे त्याच्याशी माझं भांडण नाही.

६. रस्टच्या मार्गदर्शिकेत गेट नको लिहिलंय, पण व्हेक्टरवर `गेट` मेथड आहेच. कसं काय?

तिथे ते दुसऱ्या कामाला आहे. फील्ड वाचणाऱ्या गेटरला रस्टमध्ये उपसर्ग नसतो, `क्षमता()` पुरे. रस्टमध्ये फील्ड आणि मेथडची नावं एकमेकांना अडवत नाहीत, त्यामुळे दोघांचं नाव एकच ठेवता येतं. बदलता येणारा संदर्भ हवा असेल तर शेवटी `_म्यूट` लागतो.

व्हेक्टरचा किंवा हॅशमॅपचा `गेट` म्हणजे 'या जागेवरचं किंवा या किल्लीचं काही असेल तर द्या'. तो ऑप्शन परत देतो, कारण तिथे काही नसूही शकतं. `सेल` प्रकारावरही नुसता `गेट` आहे, कारण आत घेण्यासारखी एकच वस्तू असते. यातला कुठलाही `गेट` फील्डच्या नावाला चिकटलेला नाही.

७. गेटरला उपसर्ग नको, पण सेटरला 'सेट' हवा. हा दुजाभाव का?

वाचणं म्हणजे प्रश्न विचारणं, बदलणं म्हणजे हुकूम सोडणं. मेयर यांच्याच पठडीत प्रश्नाला नाम किंवा विशेषण आणि हुकुमाला क्रियापद द्यायचं असं ठरलेलं आहे. `फेरी.क्षमता` वाचताना काही बदलत नाही, म्हणून नाम शोभतं. `सेट_क्षमता` नंतर जग बदललेलं असतं, ते कॉल वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. गूगलच्या सी प्लस प्लस शैलीत हाच असमतोल आहे: `क्षमता()` आणि `सेट_क्षमता()`, तर आतलं फील्ड शेवटी अंडरस्कोर लावून `क्षमता_`. तो अंडरस्कोर हौसेचा नाही; त्या भाषेत फील्ड आणि मेथडला एकच नाव चालत नाही.

स्मॉलटॉकने मात्र 'सेट'ही गाळला. तिथे गेटर `क्षमता` आणि सेटर `क्षमता:`, फरक फक्त विसर्गासारख्या दोन टिंबांचा. स्कालाने आणि रुबीने नावाच्या शेवटी बरोबरचं चिन्ह घेतलं, त्यामुळे सेटर नेहमीच्या असाइनमेंटसारखा लिहिता येतो. ज्या भाषेत कॉलवरच फरक दिसतो तिथे क्रियापदाची गरज कमी.

एकाच नावाचं फंक्शन, आर्ग्युमेंट दिलं तर सेटर आणि नाही दिलं तर गेटर, ही जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची रीत मला आवडत नाही. आर्ग्युमेंट चुकून अनडिफाइंड गेलं की सेट करायला निघालेला माणूस काही सेट न करताच परत येऊ शकतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

८. सेटरने काय परत द्यावं? एकापुढे एक कॉल जोडून साखळी करायला स्वतःलाच परत दिलं तर?

जावाबीन्सच्या नियमाने काहीच नाही, व्हॉइड. हा नुसता शिष्टाचार नाही. जावाचा इन्ट्रोस्पेक्टर (मेथडच्या नावांवरून प्रॉपर्टी ओळखणारा भाग) व्हॉइड नसलेल्या सेटरला सेटर मानतच नाही, म्हणून साखळीवाले सेटर काही जुन्या टूलना दिसत नाहीत. साखळी हवीच असेल तर वेगळा बिल्डर (ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने घडवणारा क्लास) करा.

रुबीत असाइनमेंटच्या रूपात कॉल केला की सेटर काहीही परत देवो, उजवीकडची व्हॅल्यूच मिळते. तिथला नेहमीचा खड्डा वेगळाच आहे: क्लासच्या आत `क्षमता = ४०` लिहिलं की सेटर कॉल होत नाही, नवा लोकल व्हेरिएबल तयार होतो. `सेल्फ.` लावावंच लागतं.

ऑब्जेक्ट बदलता न येणारा असेल तर त्याला 'सेट' म्हणू नये. जावाच्या तारखांच्या लायब्ररीत `विथ` आहे; `विथइयर` नवी तारीख देते, जुनी तशीच राहते.

९. हो-नाहीच्या फील्डला 'इज' लावायचं ना? मग फील्डचंच नाव 'इजअ‍ॅक्टिव्ह' ठेवू का?

गेटरला लावा, जावात तरी फील्डला नको. जावात गेटर-सेटर आपोआप लिहून देणाऱ्या लॉम्बोकचं बघा. फील्ड `इजअ‍ॅक्टिव्ह` असलं तर तो गेटर `इजअ‍ॅक्टिव्ह()` करतो आणि सेटर `सेटअ‍ॅक्टिव्ह()`. दोन्हीवरून प्रॉपर्टीचं नाव निघतं 'अ‍ॅक्टिव्ह', फील्डचं नाव 'इजअ‍ॅक्टिव्ह'. जेसनमध्ये (बाहेर पाठवायच्या मजकुरात) एक नाव, कोडमध्ये दुसरं. फील्ड नुसतं `अ‍ॅक्टिव्ह` ठेवलं की हा घोळच होत नाही.

दुसरी मेख: 'इज' हा उपसर्ग फक्त प्रिमिटिव्ह बूलियनसाठी आहे. मोठ्या बी-चा बूलियन, म्हणजे नल असू शकणारा ऑब्जेक्ट, परत देत असाल तर इन्ट्रोस्पेक्टरला 'गेट' लागतो.

बाकीच्या भाषांत: रुबी आणि स्कीममध्ये नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह, कॉमन लिस्पमध्ये शेवटी 'पी'. सी प्लस प्लसचा `एम्प्टी()` मात्र 'रिकामं आहे का?' विचारतो, आणि नवशिक्याला वाटतं तो रिकामं करतो. सी प्लस प्लस २० ने त्याला `नोडिस्कार्ड` लावला, म्हणजे उत्तर न वापरता नुसता कॉल केला तर कंपायलर हटकतो. नाव बदलता येत नाही तेव्हा हे असं करावं लागतं.

१०. गेटर डेटाबेसमधून माहिती आणत असेल तर?

मग त्याला गेटरचं नाव देऊ नका. धक्क्यावर किती गाड्या थांबल्या आहेत हे `फेरी.रांग` असं लिहिलं तर वाचणारा ते लूपमध्ये बिनधास्त वापरणार. आत प्रत्येक वेळी नेटवर्क कॉल असेल तर चोडणच्या धक्क्यावर बोट लागेपर्यंत पान उघडायचं नाही. `फेचरांग()` किंवा `लोडरांग()` लिहा. क्रियापद आणि कंस मिळून इशारा देतात. पेप ८ सुद्धा बजावतं की महागडं काम प्रॉपर्टीत घालू नका, कारण डॉट पाहून लोक ते स्वस्त समजतात.

रस्टने हा हिशेब थेट नावातच आणला आहे: `अ‍ॅज_` म्हणजे फुकटात, `टू_` म्हणजे खर्च आहे, `इन्टू_` म्हणजे मूळ ऑब्जेक्ट तुमच्या हातून गेला. एवढी शिस्त दुसऱ्या कुठल्या मोठ्या भाषेत माझ्या पाहण्यात नाही.

११. जेसनमध्ये माझ्या फील्डचं नाव भलतंच येतं. गेटर तर बरोबर आहे!

फील्डच्या नावाचं दुसरं रोमन अक्षर मोठं आहे का ते बघा. समजा फील्ड आहे ई-तिकीट: छोटा 'ई', लगेच मोठा 'टी'. लॉम्बोकने केलेल्या गेटरमध्ये 'गेट'नंतर मोठा 'ई', मोठा 'टी'. आता हाच गेटर दोन जण दोन तऱ्हेने वाचतात. जावाचा इन्ट्रोस्पेक्टर म्हणतो, पहिली दोन अक्षरं मोठी आहेत, म्हणजे यूआरएलसारखं लघुरूप असणार, हात लावू नका. प्रॉपर्टीचं नाव मोठ्या 'ई'नेच सुरू होतं. जेसन बनवणाऱ्या जॅक्सन लायब्ररीची २ क्रमांकाची मालिका डीफॉल्टने सुरुवातीची सगळी मोठी अक्षरं छोटी करते, त्यामुळे अख्खं नाव छोट्या अक्षरांत. फ्रंटएंडवाला छोटा 'ई' मोठा 'टी' शोधत बसतो आणि त्याला अनडिफाइंड मिळतं. एक्लिप्स हा एडिटर त्याच फील्डचा गेटर करताना 'गेट'नंतर छोटा 'ई'च ठेवतो, म्हणून एका सहकाऱ्याच्या मशीनवर चालतं आणि दुसऱ्याच्या नाही.

उपाय: जेसनचं नाव अ‍ॅनोटेशनने स्पष्ट लिहा, किंवा लॉम्बोकच्या सेटिंगमध्ये बीन-स्पेकची पद्धत निवडा. सर्वांत सोपं म्हणजे असं एका अक्षराने सुरू होणारं नाव ठेवूच नका.

१२. लिस्प-स्कीममध्ये 'डॉट' नाही. तिथे नावं कशी?

प्रकाराचं नाव पुढे, मग डॅश, मग फील्ड: `फेरी-क्षमता`. कॉमन लिस्पचा `डेफस्ट्रक्ट` ही नावं स्वतः बनवतो. सेटरला तिथे वेगळं नाव लागतच नाही. `सेटएफ`ला गेटरचाच कॉल द्यायचा, 'ही जागा बदल' म्हणून.

स्कीममध्ये मात्र दोन घराणी आहेत. `सेट-कार!` मध्ये क्रियापद पुढे, `व्हेक्टर-सेट!` मध्ये मागे, आणि दोन्ही एकाच स्टँडर्डात. त्यामुळे पुढे रॅकेट या स्कीमच्या वंशातल्या भाषेने `सेट-फेरी-क्षमता!` घेतलं, तर २००७ च्या आर६आरएस या स्कीम स्टँडर्डने `फेरी-क्षमता-सेट!`. मला दुसरं बरं वाटतं, यादीत एका प्रकाराची सगळी फंक्शन एकत्र येतात. शेवटचं उद्गारचिन्ह म्हणजे 'सांभाळा, काहीतरी बदलतंय'.

१३. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही छोटी भाषा बनवतोय. अ‍ॅक्सेसरचं काय ठरवावं?

आधी ठरवा: फील्ड आणि मेथड यांची नावं एकाच पेटीत की वेगळ्या? एकाच पेटीत ठेवलीत तर गो आणि सी प्लस प्लससारखी लोकांना पळवाट शोधावी लागेल (प्रश्न ५, ७), आणि ती पळवाट हीच तुमच्या भाषेची शैली होऊन बसेल. वेळ थोडा असेल तर प्रॉपर्टी द्या आणि मोकळे व्हा.

कंपायलर स्वतः नावं तयार करणार असेल तर ती कुणाशी आदळतात ते तपासा. सी शार्पची प्रॉपर्टी आतून `गेट_क्षमता` आणि `सेट_क्षमता` या मेथड बनते. ती नुसती वाचायची असली तरी दोन्ही नावं राखीव होतात. त्या नावाची मेथड तुम्ही लिहिलीत तर कंपायलर नाकारतो. हॅस्केलमध्ये फील्डचा अ‍ॅक्सेसर हे मॉड्यूलभर दिसणारं फंक्शन असतं, म्हणून एका मॉड्यूलमधल्या दोन रेकॉर्डना 'नाव' हे फील्ड देता येत नसे. लोक `फेरीनाव`, `मार्गनाव` असे उपसर्ग लावत बसले. यावर तोडगा म्हणून जीएचसी या हॅस्केल कंपायलरच्या ८.० मध्ये एक एक्स्टेन्शन आलं, आणि डॉट लिहिण्याची सोय ९.२ मध्ये. भाषा १९९० ची आहे हे लक्षात घ्या.

मॅक्रो (कोड लिहून देणारा कोड) असतील तर त्यांची ताकदही नावं ठरवते. स्कीमचे साधे `सिन्टॅक्स-रूल्स` मॅक्रो दोन नावं जोडून तिसरं बनवू शकत नाहीत. म्हणून रेकॉर्डसाठीच्या १९९९ च्या एसआरएफआय ९ या स्कीम प्रस्तावात प्रत्येक अ‍ॅक्सेसरचं नाव प्रोग्रॅमरने स्वतः लिहायचं असतं.

आणि नावाला छुपा अर्थ देऊ नका. ऑब्जेक्टिव्ह-सीत `न्यू`, `कॉपी`, `अलॉक` ने सुरू होणारी मेथड मालकी हस्तांतरित करते असं कंपायलर धरून चालतो. एआरसी (मेमरीचा हिशेब आपोआप ठेवणारी सोय) चालू असताना प्रॉपर्टीचं नाव `न्यूरूट` ठेवलं तर एरर येते, आणि `न्यूजपेपर` चालतं, कारण तिथे 'न्यू'नंतर छोटं अक्षर आहे. नव्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही. त्याच घराण्यात `गेट` राखून ठेवला आहे तो पॉइंटरमधून उत्तर भरून देणाऱ्या मेथडसाठी. साध्या गेटरला तो लावणं तिथे चूक मानतात.

१४. जावाच्या रेकॉर्डनी 'गेट' सोडला. जुन्या क्लासमधलेही काढू का?

नको. रेकॉर्ड (नुसता डेटा धरणारे छोटे क्लास) २०२१ मध्ये जावा १६ ला पक्के झाले आणि त्यांचा अ‍ॅक्सेसर `क्षमता()` असाच असतो. जॅक्सन २.१२ पासून ते ओळखतो. पण साध्या क्लासवरचा गेट काढलात तर नावावर विसंबलेली फ्रेमवर्क गप्प बसून प्रॉपर्टी गाळतील. नवं लिहाल ते रेकॉर्डमध्ये, जुनं आहे तसं. कॉटलिनमधून जावा वापरत असाल तर `गेटक्षमता()` तिथे आपोआप `क्षमता` होऊन दिसतो, तेव्हा घाई करायचं कारणच नाही.

१५. अ‍ॅक्सेसरची नावं खरंच देवनागरीत देता येतात का?

जावा, पायथन ३ आणि जावास्क्रिप्टमध्ये येतात. जावात रोमन `गेट`ला `क्षमता` जोडलं तरी बीनची प्रॉपर्टी नीट ओळखली जाते. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही, त्यामुळे प्रश्न ११ चा घोळ उद्भवतच नाही.

गोमध्ये मात्र अडतं, तेही दोनदा. गोच्या नावांत फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर चालतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही चिन्हं युनिकोडमध्ये अक्षरांत मोडत नाहीत, म्हणून `नाव` लिहिलं की कंपायलर कान्यावर थांबतो. `वय`सारखं बिनमात्रेचं नाव घेतलं तरी ते पॅकेजबाहेर दिसणार नाही, कारण बाहेर दिसायला पहिलं अक्षर मोठं लागतं. पुढे एखादं रोमन मोठं अक्षर जोडणं हाच मार्ग.

चालणाऱ्या भाषांतही एक सापळा आहे, आणि तो आपल्या `फेऱ्या`त आहे. 'ऱ' दोन प्रकारे साठू शकतो: एकच युनिकोड चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. जावा आणि जावास्क्रिप्ट त्यांना वेगळी नावं मानतात. एकाने एका पद्धतीने टाइप केलेला गेटर दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने कॉल केला की 'सापडत नाही', आणि डोळ्यांनी बघून कारण कळणं अशक्य. पायथन कोड वाचताना नावं एकसारखी करून घेतो, त्यामुळे तिथे दोन्ही एकच. पण हीच सोय `गेटअ‍ॅट्र`ला दिलेल्या स्ट्रिंगला मिळत नाही. नाव स्ट्रिंगमधून येत असेल तर ते आधी `युनिकोडडेटा` मॉड्यूलच्या `नॉर्मलाइझ`मधून काढा.